उकड आहे, हात नाहीत

जन्मभरात मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे "किती वेळ लागेल हो?" आणि मी सगळ्यात जास्त वेळा दिलेलं उत्तर म्हणजे "होतंच आलंय." या दोन वाक्यांच्या भांडवलावर मी गिरगावातल्या एका फराळाच्या दुकानाच्या पायरीवर निवृत्तीपर्यंत उभा राहिलो. लोक पोटासाठी स्वतः उभे राहतात. मी दुसऱ्यांना उभं करून पोट भरलं.

तसं मला घेतलं होतं तराजूवर. वडील गिरणीत, घर काळाचौकीला, म्हणजे पोरगा कष्टाळू असणार, असा आमच्या मालकांचा, अण्णांचा, समज झाला. तो पहिल्याच दिवाळीत फिटला. माझा हात मुळात सैल. पाव किलो चिवड्याच्या पुडीत माझ्याकडून मूठभर जास्तच पडायचा आणि गिऱ्हाईक "वजन करा" म्हणून माझ्याकडेच यायचं. अण्णांनी थोडे दिवस पाहिलं आणि म्हणाले, "सावंत, तुझ्या हाताला माप नाही. पण तोंड बरं चालतं. तू बाहेर उभा राहा, रांग सांभाळ." अशी माझी बढती झाली, थेट दुकानाबाहेर.

आमच्याकडे एरवी रांग नसे. रांग सणाची. दसऱ्याला श्रीखंड, दिवाळीत करंज्या-चकल्या आणि सगळ्यांचा बाप म्हणजे गणेश चतुर्थीची सकाळ, उकडीच्या मोदकांची. बाहेरच्यांना वाटतं, रांग सांभाळणं म्हणजे कुणी मध्ये घुसत नाही ना एवढं बघणं. ते तर गिऱ्हाइकंच बघतात, फार आनंदाने बघतात. आमचं खरं काम वेगळं. रांग किती आहे, हे कुणाला सांगायचं आणि कधी, हे ठरवायचं.

रांग छोटी असली की ओरडून सांगायचं. "या, या! चारच माणसं आहेत, आत्ता मोकळे व्हाल!" समोरच्या फुटपाथवरून औषध आणायला निघालेला माणूस करंज्या घेऊन घरी जातो. रांग मध्यम असली की कुणी विचारेपर्यंत आकाशाकडे बघायचं. आणि लांबली की फक्त शेपटाला सांगायचं, पोटाला कधीही नाही. शेपटाचा माणूस आत्ताच आलेला असतो. त्याला पाऊण तास म्हटलं तर तो घड्याळ बघतो, बायकोला फोन करतो, काय ते ठरवतो. पोटातला माणूस अर्धा तास उभा असतो. अजून अर्धा आहे कळलं की त्याला थांबणंही गाढवपणा वाटतो आणि निघणंही. असा माणूस मग भांडण शोधतो. आणि त्याच्या सगळ्यात जवळ मी असतो.

आणखी एक. "पाच मिनिटं" कधी म्हणू नये. मुंबईत पाच मिनिटांवर विश्वास ठेवणारा माणूस उरलेला नाही. "बारा मिनिटं" म्हणावं. लोकांना वाटतं, याने काहीतरी हिशेब केलाय.

हे शहाणपण मी आईच्या पोटातून घेऊन आलो नव्हतो. पहिल्या चतुर्थीला मी सरळ डोकी मोजली. शेपटाला एक पांढऱ्या टोपीचे आजोबा होते, त्यांना छाती काढून सांगितलं, "पंधरा मिनिटं." रांगेच्या तोंडाशी होता एक किरकोळ गृहस्थ, काखेत एक कापडी पिशवी. गल्ल्यापाशी पोचल्यावर त्याने त्या पिशवीतून दुसरी पिशवी काढली. दुसरीतून तिसरी. तो आपल्या अख्ख्या इमारतीचा नैवेद्य न्यायला आला होता. मोदकांच्या चाळण्यांमागून चाळण्या वरच्या मजल्यावरून खाली आल्या आणि त्याच्या पिशव्यांत गेल्या. आजोबांनी सगळ्या चाळण्या जाताना बघितल्या. मग हळूच मला बोलावून विचारलं, "अहो, ही पंधरा मिनिटं कुठल्या पंचांगातली?"

त्या दिवसापासून मी माणसं मोजायची सोडली आणि डबे बघायला लागलो. मोदकांची रांग माणसांची नसतेच. हातात छोटा प्लास्टिकचा डबा असेल तर पाच मोदक, नवराबायको, गणपती शेजाऱ्यांकडे. स्टीलचा कडीचा डबा म्हणजे अकरा. पितळी डबा किंवा जावांची जोडी दिसली की एकवीस, आणि वर चार लागतातच, कारण कुणीतरी ऐनवेळी येतं. रिकाम्या हाताने आलेला माणूस सगळ्यात घातक. त्याच्या घरी किती माणसं आहेत, हे त्यालाही फोन करूनच कळतं.

दुसरी फजिती दसऱ्याची. श्रीखंडाची नवी पातेली यायला उशीर होणार होता आणि मी नुकताच कुठेतरी प्रामाणिकपणावर व्याख्यान ऐकून आलो होतो. मी रांगेच्या बरोबर मध्ये उभं राहून जाहीर केलं, "मंडळी, खरं सांगतो, तासभर लागेल." पुढचं दृश्य मी विसरलेलो नाही. रांग मोडली नाही, ती तशीच्या तशी, ओळीने, रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेली. आणि त्याच क्षणी मागच्या दाराने पातेली आली.

अण्णा म्हणाले, "जा, परत घेऊन ये."

मी पलीकडे धावलो. लोकांना हळूच सांगायला लागलो, आमचं आलंय, चला. त्यासाठी मला त्यांच्या रांगेत शिरावं लागलं. तेवढ्यात त्यांचा रांगवाला आला. माझ्यासारखाच घामेजलेला. म्हणाला, "काका, मध्ये नका घुसू. किती हवंय?" मी गुपचूप खिशात हात घातला. मी परत आलो तेव्हा माझ्या हातात त्यांचं अर्धा किलो श्रीखंड होतं. अण्णांनी ते चाखलं. "वेलची कमी आहे," एवढंच म्हणाले, आणि तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला: लांब रांगेच्या मध्ये तोंड उघडायचं नाही.

हा नियम मी पुष्कळ वर्षं पाळला. घरी मात्र त्याचा सूड उगवला जायचा. जेवायला किती वेळ आहे, असं विचारलं की बायको आतून म्हणायची, "होतंच आलंय."

आता त्या चतुर्थीबद्दल सांगतो. फार जुनी गोष्ट नाही, निवृत्तीच्या जरा आधीची.

मोदक आमच्याकडे दुकानाच्या वरच्या मजल्यावर वळले जायचे. तिथे राज्य कांबळेताईंचं. राहायला परळला, हात असा की त्यांच्या मोदकाची प्रत्येक पाकळी जणू एकाच आईची लेक. त्यांच्या स्वतःच्या घरी गणपती बसत नाही. कुणी नवीन माणसाने विचारलं की त्या म्हणायच्या, "आमच्यात नाही बसत. पण ह्याच्या मोदकांवर माझी दोन्ही पोरं इंजिनेर झाली. आमचं चांगलं जमतं." त्यांच्या हाताखाली सात-आठ बायका, बहुतेक नायगाव-परळकडच्या.

त्या वर्षी पहाटेपासून पाऊस कोसळला आणि परळच्या वाटेवर हिंदमाताला पाणी भरलं. कांबळेताई आदल्या रात्री दुकानातच राहिल्या होत्या, म्हणून त्या होत्या. त्यांच्या बायकांपैकी दोघी पोचल्या. बाकीच्या बसमध्ये अडकल्या होत्या आणि तिथून फोन करून सांगत होत्या, "ताई, निघालोय!" हे मला ओळखीचं वाटलं. माझंच वाक्य होतं, कपडे बदलून आलेलं.

गिरगावात मात्र पाऊस थांबून ऊन पडलं होतं आणि रांग कोपऱ्यापर्यंत गेली होती. सोवळी, पैठण्या, कुडते, डबेच डबे. शेपटाला एक तरुण मुलगी येऊन उभी राहिली. हिरवा चुडा, नवी साडी, हातात भलामोठा पितळी डबा, चेहरा परीक्षेला पेन विसरून आल्यासारखा.

"काका, किती वेळ लागेल?"

शेपूट होतं. सांगायला हवं होतं. पण तिच्याकडे बघून मी विचारलं, "कुठून आलात?"

"डिलाईल रोड."

"अहो, मग वाटेत एवढी दुकानं..."

"तिकडं घेतले असते तर सासूबाईंना मी घरी पोचायच्या आधी कळलं असतं," ती म्हणाली. आणि मग टाकी फुटावी तशी सगळी हकिकत बाहेर आली. ती सांगलीची. त्यांच्याकडे तळणीचे मोदक. लग्नानंतरचा पहिला गणपती. सासर मालवणचं, सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना आमंत्रण देताना सांगितलेलं, "औंदा मोदक आमची सून करतली." तिने व्हिडिओ बघून केले. चाळणी उघडली तर सगळेच्या सगळे तोंड वासून बसलेले, सारण खाली पाण्यात. सासूबाई आंघोळीला होत्या. हिने ते सगळं गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात तळाशी घातलं आणि दुर्वा आणते म्हणून टॅक्सी पकडली.

"दुर्वा आणायला गिरगावात?"

"ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही," ती म्हणाली. "बाराच्या आत एकवीस मोदक घेऊन घरात शिरले तर माझं घर, काका. नाहीतर जन्मभर मी 'सांगलीची'. मिळतील ना?"

मी म्हणालो, "मिळतील. वेळेत मिळतील."

का म्हणालो? तिच्याकडे बघून 'नाही' म्हणायला माझी जीभ तयार होईना, दुसरं कारण नाही. आणि त्याच वेळी वरच्या खिडकीतून कांबळेताईंचं डोकं बाहेर आलं.

"सावंत! वर या."

वर गेलो. उकडीचा डोंगर होता, ओल्या फडक्याखाली वाफाळत. सारणाची परात भरलेली. आणि वळायला तिघीजणी.

"खाली किती आहेत?"

मी डब्यांच्या भाषेत सांगितलं. कांबळेताईंनी मोदक मिटता मिटता डोळे मिटले. "अर्ध्यांपर्यंत पोचेल. मागच्यांचं बारापर्यंत होत नाही. सांगा त्यांना."

खाली येऊन अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "तोंड उघडू नकोस. श्रीखंड आठवतंय ना?"

"अण्णा, आज कुठे जाणार आहेत पळून? सगळीकडे हीच रांग."

"मग सांगून काय फायदा?"

मी दहाएक मिनिटं माझे नेहमीचे खेळ केले. रांगेत खडीसाखर वाटली. हातात काही पडलं की माणसाचे पाय दुखायचे थांबतात, हा माझा शोध. एका काकूंच्या नथीचं कौतुक केलं. पण माझी नजर जात होती शेपटाकडे, आणि आता तिच्या मागेही माणसं उभी होती, म्हणजे ती पोटात गेली होती. तिचा फोन वाजला. तिने तोंडाशी हात धरला तरी मला ऐकू आलं: "हो आई, दुर्वाच. ताज्या नाहीयेत ना इथल्या. दुसरीकडे बघते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, उशिरा का होईना. आत्ता सांगितलं तर यांना पेढे घेता येतील, घरी फोन करून गूळ-खोबरं काढून ठेवा म्हणता येईल, कुणी शेजारणीला हाक मारेल. बाराला सांगितलं तर नुसतं रडता येईल. आम्ही इतकी वर्षं रांग पळेल का, एवढंच बघत आलो. ऐकणाऱ्याला अजून काही करता येण्यासारखं आहे का, हे कधी बघितलंच नाही.

तेलाचा रिकामा डबा उपडा केला आणि त्यावर चढलो. अण्णा आतून खुणा करत होते. मी तिकडे पाठ केली.

"मंडळी," मी ओरडलो, आणि माझ्या सवयीप्रमाणे घोळ घातला. पेढ्यांचं सांगायच्या आधी कारण सांगायला गेलो. "हिंदमाताला पाणी भरलंय. बायका अडकल्यात. मोदक सगळ्यांना पुरणार नाहीत. म्हणजे संपलेत असं नाही. उकड आहे, सारण आहे, हात नाहीत!"

रांगेतून असा आवाज आला की मी डब्यावरून उतरायची वाट शोधायला लागलो. एक गृहस्थ म्हणाले, "हे आत्ता सांगताय?" दुसरे म्हणाले, "चतुर्थीला हात नाहीत म्हणजे काय? आधीच नोटीस लावायची!"

तेवढ्यात नथवाल्या काकू पुढे आल्या. दोन्ही हात बांगड्यांसकट माझ्या नाकासमोर धरले. "हात नाहीत? मग हे काय आहेत?"

"काकू, पण दुकान..."

"दुकान राहू दे रे. जिना कुठे आहे?"

आणि त्या गेल्या. त्यांच्या मागे त्यांची जाऊ. तिच्या मागे आणखी तिघी. एका सोवळ्यातल्या गृहस्थांनी घसा साफ करून विचारलं, "पुरुषांनी आलं तर चालेल? मला येतात. आमच्याकडे मीच करतो." बायको लगेच म्हणाली, "येतात म्हणे. नारळ खवता तेवढा." तरी ते गेले.

अण्णा बाहेर धावले. "सावंत, काय केलंस हे? गिऱ्हाईक वर?" उत्तर वरून आलं, कांबळेताईंचं. "अण्णा, तुम्ही गल्ल्यावर बसा. ए बायांनो, आधी हात धुवा. अंगठ्या काढा. केस बांधा. आणि बोलायचं कमी, नाहीतर पाकळ्या मोजता येत नाहीत."

अंगठ्या माझ्याकडे आल्या. मी व्यवस्थित म्हणून सगळ्या एका रुमालात बांधल्या. कुठली कुणाची, हा प्रश्न मला गाठ मारल्यावर पडला.

मग नंबरांचा तंटा. वर गेलेल्यांची जागा कुणाची? मी सांगितलं, प्रत्येकाने आपला डबा आपल्या जागी ठेवून जायचं. आणि फुटपाथवर डब्यांची रांग उभी राहिली, पितळी, स्टीलचे, एक चक्क प्रेशर कुकर. मी वाकून एकेक पुढे सरकवत होतो. जाणारे येणारे मोबाईलवर फोटो काढत होते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या रांगेने मला एकही प्रश्न विचारला नाही.

सांगलीची सूनबाई मात्र जिन्याच्या पहिल्या पायरीवरच उभी होती.

"जा की वर," मी म्हणालो.

"काका, माझे फुटतात."

"मग इथे उभं राहून काय ते मिटणार आहेत?"

ती गेली. चाळण्या आणायला मी वर जात येत होतो, त्यामुळे थोडं थोडं कानावर पडलं. जागा नव्हती म्हणून बायका जमिनीवर पाय दुमडून बसल्या होत्या आणि पाकळ्या नऊ की अकरा यावरून दोन तट पडले होते. कांबळेताईंनी हिला आपल्या शेजारी घेतलं होतं.

"सारण कसं भरलंस? गरम?"

"हो. व्हिडिओत..."

"व्हिडिओत थंड व्हायचा वेळ कापून टाकतात. गरम भरलंस की वाफ आतून दार ठोठावते. थंड भर. बोटाला तूप लाव. बूड जाड ठेव, कडा पातळ. आता चिमटी. परत चिमटी. घाई कशाला करतेस, सासू इथे नाही तुझी."

पुढच्या फेरीला गेलो तर तिच्यासमोर ताटात काही मोदक होते. मोदकच म्हणायचे. एक डावीकडे झुकलेला, एकाची शेंडी नाकासारखी वळलेली, एक तर लसणीच्या गड्ड्यासारखा. पण वाफेतून निघाल्यावर एकही फुटला नाही. तिने ताट हातात धरलं आणि पोरीसारखी ओरडली, "काका, तोंडं मिटलेली आहेत!" अख्खी खोली हसली.

बाराच्या आत रांगेतला शेवटचा डबा भरला. प्रेशर कुकरसुद्धा. अंगठ्यांचा रुमाल मी काउंटरवर सोडला आणि लांब जाऊन उभा राहिलो. बायकांनी दोन मिनिटांत वाटून घेतल्या. भांडण झालं नाही, पण मला बरंच ऐकवण्यात आलं.

सूनबाईंचा नंबर आला तेव्हा अण्णांनी, मूड आता बरा झाला होता त्यांचा, कांबळेताईंच्या हातचे एकवीस निवडून तिच्या डब्यात लावले. सुंदर. नजर लागावी असे. तिने डब्यात बघितलं.

"हे नको. माझे द्या."

"अगं, ते वाकडे आहेत."

"असू देत. ते मी केलेत."

एकवीस भरत नव्हते, दोन कमी पडले. ते दोन तिने कांबळेताईंचे घेतले आणि तळाशी ठेवले. वरून केळीचं पान. कोपऱ्यावरच्या फुलवालीकडून दुर्वांची जुडी घेतली आणि टॅक्सीत बसली. मी हात केला. तिला दिसला की नाही कोण जाणे.

पुढच्या संकष्टीला दुकानात शुकशुकाट होता. मी पायरीवर "या, लगेच!" करत उभा होतो, तर ती आली. हातात डबा नव्हता. म्हणाली, "सांगायला आले." आरतीनंतर पानात मोदक वाढले तेव्हा एका मावशीने एक उचलून सगळ्यांसमोर विचारलं होतं, "खयसून हाडलास गो हे?", म्हणजे कुठून आणलेस. तेवढ्यात सासूबाईंनी तो मोदक मावशीच्या हातातून घेतला, उलटसुलट फिरवून बघितला आणि म्हणाल्या, "इकत हाडलेले असते तर सरळ आसते. वाकडे आसत, म्हणजे हिनाच केल्यान." आणि तो त्यांनी स्वतः खाल्ला, तूप घालून.

"आणि तळाचे दोन?" मी विचारलं.

"ते टॅक्सीतच खाल्ले," ती म्हणाली. "एकवीस कोण मोजतंय? पुरावा नको."

पुढच्या वर्षीच्या चतुर्थीला आकाश स्वच्छ, बायका वेळेवर, उकड पांढरीशुभ्र. मी सकाळपासून रांगेत पितळी डबा शोधत होतो. आला नाही. नथवाल्या काकू आल्या नाहीत. त्यांची जाऊ नाही. सोवळ्यातले गृहस्थ दिसले, पण कोपऱ्यावरच्या नारळवाल्याकडे नारळ घेताना, आणि मला बघून त्यांनी ऐटीत मान हलवली. रांग कोपऱ्याच्या बरीच अलीकडे संपत होती.

अण्णा पायरीवर आले. कमरेवर हात ठेवून त्यांनी डोकी मोजली.

"सावंत, यंदा रांग एवढीशी कशी रे?"

"लोक घरी करायला लागलेत, अण्णा."

"असं कसं अचानक? यांना शिकवलं कुणी?"

रांगेबद्दल कधी बोलायचं आणि कधी आकाशाकडे बघायचं, हे एवढ्या वर्षांत मला कळलं होतं. मी आकाशाकडे बघितलं.

वरच्या खिडकीतून आवाज आला, "मी!"